मातीसकट मुनवा

त्या दिवशी वारा नव्हता. दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलचं टोकसुद्धा हलत नव्हतं, आणि आमच्या मळ्यातली घड लागलेली केळ भर दुपारी आडवी झाली. धप्प आवाज आला म्हणून मी बाहेर धावले. बुंध्यात मोडली असती तर एक वेळ समजलं असतं. ही बुडासकट उपटून पडली होती. खाली मूठभर माती आणि चार तुटकी, काळपट मुळं. एवढ्या मोठ्या झाडाला धरून ठेवायला एवढंच कसं, हे मला कळेना.

मी चिडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. काही बिघडलं की मला आधी माणूस लागतो, कारण नंतर. त्या दुपारी मी पहिला संशय सासूबाईंच्या गाईवर घेतला आणि दुसरा नवऱ्यावर, कारण त्यांनी सकाळी तिथून पाण्याची नळी ओढली होती. नवरा शांत माणूस. ते म्हणाले, "नळीनं केळ पडत असती तर नगर जिल्ह्यात एक केळ उभी राहिली नसती." मी संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी दुसरी केळ पडली. मग आम्ही उरलेल्या केळींना बांबूचे टेकू दिले, आणि पुढच्या आठवड्यात तिसरी टेकूसकट पडली.

आमचा मळा संगमनेरजवळ, प्रवरेच्या कडेला. मळा म्हणायचं आपलं, खरं तर वीस गुंठ्यांचा तुकडा. त्यात कांदा, गाईसाठी घास आणि बांधाच्या कडेनं केळींची एक ओळ. या काही बाजारात जाणाऱ्या केळी नव्हत्या. ती माझ्या आईची केळ होती.

माझं माहेर देवळाली प्रवराच्या बाजूला. तिकडे जिकडे बघावं तिकडे ऊस. आईनं लग्न होऊन आल्यावर न्हाणीच्या सांडपाण्यावर एक केळ लावली. ती तिनं कुठून आणली हे कुणालाच धड माहीत नाही, कारण विचारलं की ती दर वेळी वेगळं गाव सांगायची. फळ आखूड, साल जाड, पिकलं की गोडाच्या मागून जरा आंबट चव यायची. दुकानात मिळणाऱ्या लांबलचक केळ्यांना ती चव नाही, आणि हे मी माहेरची म्हणून म्हणत नाही. घरात आम्ही तिला आईची केळ म्हणायचो. हळूहळू आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, तेच नाव पडलं.

आमच्या चर्चमध्ये दिवाळीनंतर कापणीचा सण असतो. ज्याच्या शेतात जे पिकेल त्यातलं पहिलं देवापुढं आणायचं. बाजरीची कणसं, उसाची मोळी, कांद्यांची टोपली, एखाद्या घरची कोंबडीसुद्धा पाय बांधून वेदीजवळ बसलेली असते आणि गाण्याच्या मध्येच ओरडते. आई केळीचा घड न्यायची, आणि घडाबरोबर मुनवे. केळीच्या बुडाशी जी पिल्लं फुटतात ते मुनवे. ज्या घरात त्या वर्षी लग्न झालं, बाळ जन्मलं किंवा नवं घर उभं राहिलं, त्या घराला एक मुनवा. तो विकायचा नाही, आणि द्यायचा तो मातीसकट. भोवती घेर धरून कुदळीनं गड्डा उचलायचा, आमच्या परसातली माती त्याला तशीच राहू द्यायची आणि ओल्या बारदानात बांधायचा. कुणी माती झटकायला लागलं की आई रागवायची. "पाव्हन्याला उघडं पाठवत न्हाईत," म्हणायची.

आप्पा, म्हणजे माझे वडील, आई होती तोवर केळीकडे ढुंकूनही बघत नसत. उसाचा माणूस. आई गेली त्या वर्षी सणाला ते जाणार नाहीत असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. सकाळी बघतो तर चर्चच्या दारात पांढरा सदरा घालून उभे, आणि पायांशी बारदानात बांधलेले पाच मुनवे. तेव्हापासून बारा वर्षांत एक सण चुकला नाही. आम्ही मळ्यात घर बांधलं त्या वर्षी मला माझे मुनवे मिळाले. इतरांना एक, मला सहा. एसटीत कंडक्टर म्हणाला, "ताई, ही एवढी माती कुठं घेऊन चाललात?" मी मान वर करून सांगितलं, "माहेरची आहे."

पहिल्या वर्षी केळी छान आल्या. त्यांच्याच मुनव्यांनी ओळ वाढली. पुढच्या खेपेला हे पडणं सुरू झालं.

मी एका कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. काचपट्ट्या धुणं, सूक्ष्मदर्शकांना झाकण घालणं, कपाटातल्या बाटल्यांवरची धूळ पुसणं, आणि पोरांनी बेसिनमध्ये टाकलेलं काहीबाही काढणं हे माझं काम. वीस वर्षं झाली. तिसरी केळ पडल्यावर मी तिची मुळं जेवणाच्या डब्यात घालून कॉलेजात नेली. ब्लेडनं एक मूळ उभं चिरलं. आत पांढरंशुभ्र असायला हवं होतं. ते तंबाखू खाणाऱ्याच्या दातांसारखं दिसत होतं, तपकिरी-लालसर पट्टे पडलेलं.

आमच्या विभागाच्या मॅडमनी ते पाहिलं आणि एक युक्ती सांगितली. मुळं बारीक चिरायची, गाळणीत टिश्यू पेपर घालून त्यावर पसरायची आणि गाळणी पाण्यावर टेकवून ठेवायची. आत जिवंत काही असेल तर ते कागदातून खाली पाण्यात उतरतं. मी चहाची गाळणी वापरली. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाचा एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि डोळा लावला. काचेचे काढले असावेत असे बारीक दोरे, आणि ते वळवळत होते. एक नाही, दोन नाही, नजर टाकावी तिथं.

"सूत्रकृमी," मॅडम म्हणाल्या. "मुळं पोखरतात. वरून झाड हिरवं दिसतं, घडसुद्धा धरतं, आणि घडाचं वजन आलं की खाली धरायला मूळच नसतं."

मला हसू आलं आणि राग पण. त्या नावाची चिठ्ठी लावलेली बाटली कपाटाच्या दुसऱ्या फळीवर आहे. वीस वर्षं मी ती दर शनिवारी पुसत आलेय.

मग मॅडमनी साधा प्रश्न विचारला. "तुमच्या जमिनीत आधी केळी होत्या का?" नव्हत्या. कांदा आणि घास, दुसरं काही नाही. "मग मुनव्यांबरोबर आले असणार. माती लागलेली होती का मुनव्यांना?"

मला एसटीतला तो कंडक्टर आठवला आणि माझी वर केलेली मान.

त्या रविवारी मी माहेरी गेले. आप्पांच्या परसात पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा मला ते दिसलं, जे मी कित्येक वर्षं बघत होते. एकूण एक केळीला बांबू लावलेला. काहींना दोन-दोन, वरून सुतळीनं बांधलेले. मला वाटायचं, केवढी काळजी घेतात आप्पा. खरं तर तिथं एकही केळ स्वतःच्या पायावर उभी नव्हती.

जेवता जेवता मी सांगितलं. मला गोड बोलून सांगता येत नाही. मुळं, गाळणी, वळवळणारे दोरे, सगळं एका दमात. आप्पांचा घास हातातच राहिला.

"माज्या मातीत किडं?" ते म्हणाले. "आन ते मी लोकांच्या घरी पाठवलं म्हनतीस?"

"मी डोळ्यांनी बघितलंय आप्पा."

"केळ म्हातारी झाली की पडती. लई शिकलीस म्हनून कायबी सांगू नको."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. नवरा बरोबर असता तर त्यांनी पायानं खूण केली असती. पण ते नव्हते, आणि मी म्हणाले, "तुम्ही टेकू देत बसलात म्हणून आईची केळ वाचणार आहे का? अशानं ती संपेल, आणि संपवणारे तुम्हीच असाल."

आप्पांनी ताटातच हात धुतला. अर्धी भाकरी तशीच होती. "तुजी आई हुती तवा एक केळ पडली न्हाई," ते हळू म्हणाले. "ती गेली आन पडाया लागल्या. म्हंजी माजंच चुकतंय. आसंच म्हनायचं हाय ना तुला?"

मला तसं म्हणायचं नव्हतं. पण ते सांगायला जी दोन वाक्यं लागतात ती मला त्या दिवशी सापडली नाहीत. मी संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

त्यानंतर सहा आठवडे आप्पांनी माझा फोन उचलला नाही. मी रोज लावायचे, वाजून वाजून बंद व्हायचा. चिडून मी दोन दिवस लावला नाही, तर तिसऱ्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, "लाव गं. उचलत न्हाईत, पर वाजला की न्हाई ते बघत असतील." सासूबाई माझ्याशी कधी फार गोड नसतात, पण असं काहीतरी बोलून जातात. मी पुन्हा रोज फोन लावू लागले. इकडे आमच्या मळ्यातल्या सगळ्या केळी मी खणून काढल्या, गड्डे उन्हात टाकले, सुकल्यावर जाळले. ओळ होती तिथं झेंडू लावला. झेंडूच्या मुळांपाशी या किड्यांचा जोर कमी होतो असं मॅडम म्हणाल्या होत्या. आईची केळ आता फक्त आप्पांकडे आणि मंडळीतल्या घरांत उरली होती.

जून महिन्यात, कॉलेज नुकतं उघडलं होतं, मी पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी टेबलं पुसत होते. दारात आप्पा. पांढरा सदरा, पायात सणाला घालायच्या चपला आणि हातात जेवणाचा डबा. देवळालीहून दोन गाड्या बदलून आले होते. मी "या" म्हणायच्या आधीच त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि उघडला. तीन कप्प्यांत तीन पुड्या, केळीच्याच पानात बांधलेल्या.

"ही हिरीकडची मुळं. ही गोठ्यामागची. आन ही," तिसऱ्या पुडीवर त्यांनी बोट ठेवलं, "न्हानीवरची. तुज्या आईच्या हातची पयली जागा. ही आधी बघ."

मला समजलं ते कशासाठी आले होते. मी गाळणी लावली आणि म्हटलं, उद्या कळेल. रात्री ते आमच्याकडे राहिले, सासूबाईंशी उसाच्या आणि गुडघ्यांच्या गप्पा मारल्या, माझ्याशी मोजकंच बोलले. सकाळी आम्ही बरोबर कॉलेजात आलो. मी थेंब घेतला, सूक्ष्मदर्शक जुळवला आणि बाजूला झाले.

आप्पांना एक डोळा मिटता येत नाही. त्यांनी तो तळहातानं झाकला आणि वाकले. किती वेळ वाकून होते कोण जाणे. माझी पाठ दुखायला लागली, त्यांची दुखली नाही.

"लई देखनं हाय गं," ते शेवटी म्हणाले. "पान्यात सापावानी चालतंय."

"न्हाणीवरचंच आहे हे."

ते सरळ झाले. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "बाई, एक इचारू का? हे किती सालापासनं आसंल?"

मॅडमनी नीट सांगितलं. कुणी आणले हे आता सांगता येणार नाही. पहिल्या मुनव्याबरोबरच आले असतील. वर्षानुवर्षं एकाच जागी केळ राहिली की त्यांची संख्या हळूहळू वाढत जाते, आणि मग एका वर्षी झाडं पडायला लागतात.

"म्हंजी ही आसतानाबी हुते?"

"असणारच."

आप्पा स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा मला नीट वाचता आला नाही, पण खांदे खाली आले ते दिसले. बारा वर्षं हा माणूस मनात धरून बसला होता की आईच्या हाताला यायचं ते आपल्या हाताला येत नाही, म्हणून तिची केळ पडते. प्रत्येक पडलेली केळ त्यांना तेच सांगत होती आणि ते तिला बांबू लावत होते. आणि मी त्या रविवारी भाकरीच्या ताटावर नेमकं तिथंच बोट घातलं होतं. मला रडू आलं, पहिल्या वर्षाची पोरं दारात उभी असताना.

"तिला ठावं न्हवतं," आप्पा म्हणाले.

"तिला कसं ठाऊक असेल आप्पा? मी वीस वर्षं बाटली पुसते, मला नव्हतं."

ते हसले. मग डब्याचं झाकण लावत म्हणाले, "आता काय करायचं ते सांग. केळ जगली पायजे."

करायचं काय, ते मॅडमनी कागदावर लिहून दिलं. मुनवा धुवायचा, एक कण माती ठेवायची नाही. मुळं सगळी छाटायची. गड्डा बटाट्यासारखा सोलायचा, काळा-तांबडा भाग दिसेल तेवढा काढून टाकायचा, पांढरं लागेपर्यंत. मग पन्नास-पंचावन्न अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं. त्याहून थंड पाण्यात किडे मरत नाहीत, जास्त तापलं तर मुनवाच मरतो. आणि लावायचा तो जिथं कधी केळ नव्हती अशा जागी.

मी प्रयोगशाळेतला जुना थर्मामीटर मागून घेतला आणि शनिवारी माहेरी गेले. आप्पा हे असे आहेत की एकदा पटलं की मागचापुढचा विचार नाही. मी पोचेपर्यंत त्यांनी परसातल्या सगळ्या केळी उपटून काढल्या होत्या. न्हाणीवरची सुद्धा. तिथं नुसता खड्डा होता आणि त्यात सांडपाणी साचलं होतं. कामाचे मुनवे नऊ. एक दहावा होता, हाताच्या पंज्याएवढा, तो आप्पांनी "ह्यात काय दम न्हाई" म्हणून भिंतीकडे फेकला.

सोलायला बसलो. सोललेला गड्डा इतका पांढरा आणि लहान दिसतो की भीती वाटते. आप्पा प्रत्येक वेळी थांबायचे आणि विचारायचे, "एवडं काढायचं?" मी म्हणायचे, एवढं काढायचं. मग चुलीवर मोठं पातेलं चढवलं. मी थर्मामीटर काढला तसे आप्पा म्हणाले, "आंगुळीच्या पान्याला काच लागती व्हय? तुमा सगळ्या भावंडांना मी कोपर बुडवून पानी दिलंय. कोन भाजलं?"

मला तेव्हाच अडवायला हवं होतं. पण सहा आठवड्यांनी आमचं धड बोलणं चाललं होतं, मला ते मोडायचं नव्हतं. मी उठून चहा टाकायला आत गेले. आप्पा कोपर बुडवत होते, लाकडं सारत होते आणि शेजारच्या काकूंना सूत्रकृमी कसा चालतो ते हात वेळावून दाखवत होते. साठ-पासष्ट वर्षं उन्हात काम केलेलं कोपर. त्याला काय कळणार! मी चहा घेऊन आले, थर्मामीटर घातला तर पारा सत्तरच्या वर. नऊच्या नऊ मुनवे शिजले होते. काढले तर बोटं आत रुतत होती.

आप्पांच्या हातातला कप तसाच राहिला. मी ओरडेन असं त्यांना वाटलं असणार, मलाही तसंच वाटलं. पण त्यांचं तोंड बघून मला ओरडता येईना. मी म्हटलं, "जाऊ द्या. मंडळीत एवढी घरं आहेत, कुणाकडून तरी एक मागून आणू आणि त्याला नीट अंघोळ घालू."

"दिलेलं परत मागायचं न्हाई," आप्पा म्हणाले. "मी मेलो तरी न्हाई."

मग आम्ही दोघांनी एकदमच भिंतीकडे पाहिलं.

त्या दहाव्याला मी सोललं तेव्हा तो लिंबाएवढा उरला. या वेळी पातेल्यापाशी मी बसले, आणि थर्मामीटर आप्पांच्या हातात दिला. चष्मा लावून ते मोठ्यानं वाचत होते, शाळेत पाढे म्हणावेत तसे. "बावन. त्रेपन. त्रेपन. चोपन, लाकूड वढ, लाकूड वढ!" वीस मिनिटांत त्यांनी पापणी हलवली नसेल. मग तो मुनवा आम्ही उन्हात प्लास्टिकखाली तापवलेल्या मातीत, एका पिशवीत लावला. पिशवी आप्पांनी ओसरीवर ठेवली, आपल्या बाजेच्या डोक्याशी.

तीन आठवडे काही झालं नाही. आता फोन ते उचलत होते आणि मी "काय?" एवढंच विचारायचे. "काय न्हाई," ते म्हणायचे. एक दिवस मी फोन लावायच्या आधी त्यांचाच आला. नुसते म्हणाले, "सुरळी आली." म्हणजे गुंडाळलेलं पहिलं पान. मी बसमध्ये होते. शेजारच्या बाईला मी सांगून टाकलं की आमच्या घरी सुरळी आली. ती बिचारी "अभिनंदन" म्हणाली. तिला बहुतेक बाळाचं नाव वाटलं असेल.

दिवाळी झाली, कापणीचा सण आला. आमच्या उपासनेत साक्ष द्यायची पद्धत आहे. ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं आणि देवानं वर्षभरात आपल्याला कसं सांभाळलं ते मंडळीला सांगायचं. काही लोक दर वर्षी तीच साक्ष देतात, पोरांना ती पाठ असते. आप्पांनी आयुष्यात कधी साक्ष दिली नव्हती. त्या दिवशी पाळकांनी "आणखी कुणी?" म्हटलं आणि आप्पा उठले. हात मोकळे. तेरा वर्षांत पहिल्यांदा सणाला मुनवा आणला नव्हता, आणि ते सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

"यंदा मुनवा न्हाई," ते म्हणाले. "का न्हाई ते सांगतो. आमच्या मातीत किडं हायेत. डोळ्याला दिसत न्हाईत. मी कालिजात जाऊन बघितलं. मी तुमाला प्रेमानं दिलं, आन त्याच्याबरूबर किडंबी दिलं. कुनाच्या केळी पडल्या आसतील तर त्यो वारा न्हवता. ते माज्या घरचं हुतं. मला माफी आसावी."

वेदीजवळ बांधलेली कोंबडीसुद्धा गप्प होती. मला वाटलं, आता कुणी तरी रागावेल. मागच्या बाकावरून एक म्हाताऱ्या काकू उठल्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, आमची तर चार सालामागंच पडली. तुमी मन लावून देता, म्हनून बोललो न्हाई." मग दुसरं घर. मग तिसरं. सगळ्यांच्या पडल्या होत्या. दर वर्षी लोक मुनवा डोक्याला लावून घ्यायचे, लावायचे, तो पडायचा, आणि आप्पांना वाईट वाटू नये म्हणून कुणी चकार शब्द काढायचं नाही. आप्पा विचारायचे, "केळ कशी हाय?" सगळे म्हणायचे, "लई झ्याक." एक काका तर म्हणाले की आप्पा घरी येणार कळलं की ते शेजाऱ्याची केळ दाखवायचे. तेव्हा कुणीतरी हसलं, आणि मग अख्खं चर्च हसत सुटलं. आप्पा उभ्या उभ्या हसत होते आणि सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत होते.

मी मात्र हसता हसता थबकले. म्हणजे कुणाकडेच नव्हती. त्या दिवशी पातेल्यापाशी आप्पांनी मागायला होकार दिला असता तरी मागायला काही उरलंच नव्हतं. आईची केळ जगात एकच होती आणि ती भिंतीकडे फेकलेली होती. हे मी आप्पांना कधी बोलून दाखवलं नाही. त्यांनीही नाही. पण त्या संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी ओसरीवरची पिशवी उचलून आत घेतली, आणि दार लावलं.

पुढे ती केळ विहिरीच्या पलीकडे, जिथं पूर्वी फक्त ऊस होता तिथं गेली. तिला टेकू नव्हता. मी जायचे तेव्हा एक बारीक मूळ खणून काढायचे, चिरायचे. पांढरं. दर वेळी पांढरं. न्हाणीच्या खड्ड्यावर आप्पांनी झेंडू लावला, आणि पुढच्या सणाला चर्चच्या दारावरची तोरणं त्याच फुलांची होती.

त्याच सणाला मुनवे आले. चारच होते, आणि त्यातला एक माझा. बारदान नव्हतं. आप्पांनी पाटीतून काढून तो माझ्यापुढं धरला. धुतलेला, सोललेला, मुळं नसलेला, पांढरा. असा मुनवा हातात घ्यायला मला कसंतरीच झालं.

"आप्पा, उघडाच?" मी म्हटलं.

"आंगुळ घालून आनलाय. काच लावून," ते म्हणाले. मग जरा थांबून, "ही म्हनली आसती, उघडं पाठवू नका. पर तिला म्या सांगितलं आसतं. माती ज्याची त्यानं घालायची."

संगमनेरला परतताना एसटीत कंडक्टरनं काही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही नव्हतंच. मुनवा माझ्या पर्समध्ये होता. घरी पोचल्यावर मी थेट मळ्यात गेले, कांद्याच्या पलीकडे, जिथं कधी केळ नव्हती. खड्डा सासूबाईंनी आधीच खणून ठेवला होता. त्यांनी मूठभर माती उचलली, चाळल्यासारखी बोटांतून सोडली आणि म्हणाल्या, "आण इकडं तुज्या आईला." मी मुनवा ठेवला आणि आम्ही दोघींनी त्याच्यावर आमची माती घातली.